बिनउशीचा बाळंतविडा

बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी लागते, हे आमच्याकडं कुणी न शिकवता सगळ्यांना येतं. मलाही यायचं. नुसतं यायचं नाही, मी त्या उशा शिवून विकायची. औरंगाबादेत गुलमंडीच्या एका बोळात माझं दुकान. दुकान आपलं म्हणायचं म्हणून. एक शिलाई मशीन, एक काचेचं कपाट, आणि पायरीवर बसून तासभर बोलून एक टोपडं नेणाऱ्या बायका.

बाळंतविडा शिवून देणं हा माझा धंदा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मग ती बाळाला घेऊन सासरी निघाली की माहेरचे सोबत बाळाचं सगळं देतात. झबली, लंगोट, टोपडी, दुपटी, कुंची आणि मुख्य म्हणजे बाळाचं अंथरूण. हे सगळं मिळून बाळंतविडा. सासरी तो खाटेवर मांडून ठेवतात आणि गल्लीतल्या बायका बघायला येतात. बघतात म्हणजे डोळ्यांनी नाही हो, हातानं! गादी दाबून बघतात. जितका हात आत जाईल तितकं माहेर मोठं.

मला कुणी शिकवलं नाही. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, पोरं झाली. पोरांच्या जुन्या झबल्यांचा पेपरवर छाप काढून कापायला लागले. पहिली तीन झबली अशी झाली की बाळाचं डोकंच आत जाईना. चौथं जमलं. मग शेजारणीनं मागितलं, तिच्या बहिणीनं मागितलं, आणि बघता बघता चाळीस वर्षं झाली.

गादीचं मात्र मला एका माणसानं शिकवलं. हमीदभाई पिंजारी, शहागंजकडचे. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून मोकळा करणारा. माझ्या गाद्यांचा कापूस तेच भरायचे. मी म्हणायची, "भाई, मऊ करा, फुगवा जरा." ते सुई दातात धरून म्हणायचे, "आपा, ये दुल्हन का बिस्तर नै, बच्चे का है. नरम नको करो." मला वाटायचं, म्हातारा कापूस वाचवतोय. गिऱ्हाइकाला तर मऊच पाहिजे. मग मी हमीदभाईंच्या पाठीमागं त्याच गादीत वरून सावरीचा कापूस भरायची. सावरीचा कापूस म्हणजे झाडाच्या बोंडातला, रेशमासारखा. हात ठेवला की हात गायब. बायका म्हणायच्या, "मावशी, तुमच्या गादीला तोड नाय!" आणि मी फुगायची, गादीपेक्षा जास्त.

आता उशीचं कसं सुटलं ते सांगते.

एक दिवस दुपारी एक बाई आल्या. सरकारी दवाखान्यात नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. भाचीसाठी बाळंतविडा पाहिजे होता. मी माझी सगळ्यात चांगली गादी काढली, वर मोहरीची उशी, दोन बाजूंना दोन लोड, वर जाड दुपटं. राजाची सेज. सिस्टरनी एकेक करून सगळं उचललं आणि बाजूला ठेवलं. मग गादीवर मूठ दाबली आणि उचलली.

"मावशी, खड्डा बघा."

"मऊ आहे ना!" मी म्हणाले, अगदी ऐटीत.

"हाच तर घोळ आहे. बाळाला मान उचलता येत नाही. ते कुशीवर वळलं आणि ह्या खड्ड्यात नाक गेलं, की त्याला बाहेर काढता येत नाही. रडायलासुद्धा जमत नाही."

मला राग आला. माझ्या दुकानात बसून माझ्याच मालाला नावं! मी म्हणाले, "आमच्या आज्या-पणज्यांनी असंच निजवलं. काय बाळं मेली का?"

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "काही गेली, मावशी. आपण म्हणायचो, दृष्ट लागली. रात्री निजवलं, सकाळी उठलंच नाही."

असं एक बाळ आमच्याच बोळात गेलं होतं, लई वर्षांपूर्वी. त्याच्या अंथरुणात माझी उशी होती का, ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही, की आठवू नये असं वाटतं म्हणून आठवत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.

सिस्टरनी मग पायरीवर बसून सगळं सांगितलं. चहा घेतला, दुसरा घेतला. बाळ प्रत्येक वेळी उताणंच निजवायचं, दुपारीसुद्धा. गादी घट्ट आणि सपाट, मूठ उचलली की खड्डा राहायला नको. चादर ताणून चारी बाजूंनी खाली खोचायची. आणि त्यावर बाळ, बस. उशी नाही, लोड नाही, गोधडी नाही, कापसाचा पोपट नाही. निदान पहिलं वरीस तरी नाही. आईच्या खोलीत, आईच्या हाताला लागेल असं, पण त्याचं अंथरूण त्याचं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात झोपलेल्या बाळाला टोपडं नि कुंची घालून शिजवायचं नाही. झोळीत हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो, म्हणून तिथं डोळा लागला की काढून सपाट ठेवायचं.

"आणि डोकं?" मी विचारलं. "चपटं झालं म्हणजे?"

"जागं असताना पालथं घाला, समोर बसून खेळवा. डोकं आपोआप गोल होतं. मोहरी फोडणीत घाला."

त्या दिवसापासून मी उशा बंद केल्या. उरलेली मोहरी आम्ही फोडणीला वापरली, वर्षभर पुरली. पण धंद्यात काय गोंधळ झाला म्हणता! आमच्या शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, लोकांनी ते बिनतक्रार नाहीतर सतक्रार घेतलं. पण बाळाची उशी काढली तर बायका भांडायला पायरी चढून वर यायच्या.

एक आजी आल्या दौलताबादहून. आपल्याकडं दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या उशाखाली अडकित्ता नाहीतर विळा ठेवतात. आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते समदं खरं गं. पण उशीच नाय तर अडकित्ता कुठं ठिऊ?"

"आजी, बाळापाशी लोखंड कशाला? खाटेच्या पायाला बांधा."

"पायाला बांधल्यावर डोक्याची दृष्ट जाती व्हय?"

"आजी, दृष्ट काय पत्ता विचारून येते का?"

त्या खो खो हसल्या. बांधला त्यांनी पायाला. पुढच्या नातवाच्या वेळी स्वतःच येऊन म्हणाल्या, "बिनउशीचं दे."

मग एक बाप आला, वाळूजला कंपनीत इंजिनिअर. हातात मोजायची टेप आणि कागदावर काढलेलं चित्र. ऑनलाइन लाकडी खाटलं मागवलं होतं, गादी माझ्याकडून पाहिजे होती. मी म्हणाले, "चार बोटं लहान करते, घालायला-काढायला सोपी." तो म्हणाला, "मावशी, चार बोटांच्या फटीत बाळाचं तोंड जातं. दोन बोटंसुद्धा शिरायला नकोत." मी मनात म्हणाले, काय चिकट माणूस आहे! तीनदा गादी परत आणली त्यानं. तिसऱ्यांदा बसली अशी की फटीत पोस्टकार्डसुद्धा जाईना. नंतर मीच सगळ्यांना खाटल्याचं माप विचारायला लागले. त्या चिकट माणसाला मी मनातल्या मनात लई वेळा नमस्कार केलाय.

तर असं मी शहाणी झाले म्हणता म्हणता केवढा वेडेपणा केला, ते आता सांगते. ह्यासाठीच लिहायला बसले.

मंगलताई म्हणून एक माझ्या जुन्या गिऱ्हाईक, सिडकोत राहायच्या. त्यांच्या दोन्ही लेकींची झबली माझ्या हातची. थोरली अश्विनी बाळंत झाली, मुलगा. सासर वैजापूरचं, मोठं घर, कांद्याची शेती, गल्लीत नाव. मंगलताई आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, तुमचं ते डॉक्टरी अंथरूण मला पटतं. पण वैजापूरला ते मांडलं ना, तर म्हणतील, माहेरनं पोत्यावर निजवायला दिलं. अश्विनीला जन्मभर ऐकावं लागंल."

मला दया आली. आणि खरं सांगायचं तर थोडी हौसही आली. कितीतरी दिवसांत मखमल हातात धरली नव्हती. मी म्हणाले, "ताई, दोन करू. मिरवायचं वेगळं, निजायचं वेगळं."

निजायची गादी मांजरपाटाची, दोन बोटं जाड, कापूस ठासून भरलेला, टाके जवळजवळ. पाटासारखी. आणि मिरवायची? डाळिंबी मखमल, सावरीचा कापूस, झालरीची उशी, दोन लोड, वर लोंबणारे कापसाचे पोपट. पोपटांच्या चोची मी स्वतः रेशमानं भरल्या. मी मंगलताईंना तीन वेळा बजावलं, "मांडणी झाली की ही मखमल कपाटात. बाळ साध्या गादीवर." त्या "हो हो" म्हणाल्या.

त्या अश्विनीच्या सासरी काहीच बोलल्या नाहीत. कशा बोलणार? "आम्ही दिलंय ते नुसतं दाखवायला आहे", असं कुठल्या विहीणबाईला सांगता येतं? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी कापडाची माणूस. कापडाचं मोजलं, माणसांचं मोजलं नाही.

बाळ साडेतीन महिन्यांचं झालं आणि अश्विनी त्याला घेऊन वैजापूरला गेली. आठवडाभरानं दुपारी तिचा फोन आला. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं उभी राहून बोलत होती.

"मावशी, आत्याबाईंनी त्याला मखमलीच्या गादीवर घातलंय. आल्यापासून त्याच्यावरच आहे."

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

"आणि साधी गादी?"

"त्यावर आत्याबाई बसतात. पोथी वाचायला. म्हणतात, बैठकीला झकास आहे, गुडघे दुखत नाहीत."

मला हसावं का रडावं कळेना. पण ती पुढं बोलली आणि हसू गेलं. "परवा जेवायला गेले. येऊन बघते तर कुशीवर वळून त्याचं तोंड लोडात पूर्ण रुतलेलं. उचलल्यावर एक क्षण गप्पच होता, मग रडला. मी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून तो निजला की मी बसून राहते. रात्रीपण. मावशी, मला आता बसल्या बसल्या ग्लानी येते. मला झोप लागली तर?"

"आईला सांगितलंस?"

"गादीचं सांगितलं, लोडाचं नाही. आई म्हणते, थोडे दिवस सांभाळून घे, आत्ताच आलीस, वाद नको."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीनं वैजापूर गाठलं. पिशवीत फक्त कात्री होती. सगळ्या वाटेनं मी भांडणाची तयारी करत गेले. सासूबाई असं म्हणतील, मग मी तसं म्हणेन. दौलताबादच्या फाट्यापर्यंत मी तीन वेळा जिंकले होते.

दारात पोचले तर आत्याबाईंनी मोठ्यानं हाक मारली. मला नव्हे, गल्लीला! "अगं या गं, ह्याच बघा त्या गादीवाल्या मावशी! औरंगाबादवरनं आल्यात!" उंच, धिप्पाड बाई, कपाळाला मोठं कुंकू, आवाज बाजारात पोचेल असा. दोन शेजारणी धावत आल्या. बसायला पाट, पाणी, गूळ. माझा हात धरून त्या मला खोलीत घेऊन गेल्या. तिथं ती मखमल, ते लोड, ते पोपट, आणि मध्ये बाळ जागं, पाय उडवत. बाजूला अश्विनी, डोळ्यांखाली काळं झालेलं.

"काय हात आहे हो तुमचा," आत्याबाई म्हणाल्या. "सगळ्या गावानं दाबून बघितली. असली मऊ गादी वैजापुरात झाली नाय."

इतकं कौतुक मला उभ्या जन्मात मिळालं नसेल, आणि ते ऐकताना मला भुईत जावंसं वाटलं. केलेली सगळी तयारी विसरले. तोंडातून एवढंच आलं, "आत्याबाई, ही गादी चुकीची आहे. चूक माझी आहे. बाळाला उचला."

"आं?"

अश्विनीनं झटकन बाळ उचललं. मी म्हणाले, "एक करा. तुम्ही ह्यात तोंड घाला, पालथं, आणि श्वास घेऊन बघा."

शेजारणी एकमेकींकडं बघायला लागल्या. आत्याबाईंना वाटलं, मी थट्टा करतेय. पण बाई हट्टी, मागं हटणारी नव्हे. चष्मा काढला, पदर खोचला आणि खाटेवर वाकून तोंड मखमलीत घातलं. मी पाठीवर हात ठेवला, "आता घ्या श्वास." एक, दोन... तिसऱ्याला त्या झटक्यानं वर आल्या. तोंड लाल, कुंकू मखमलीला लागलेलं.

"आगं बया! गुदमरायला झालं की!"

"तुम्हाला उठता आलं," मी म्हणाले. "त्याला येत नाही."

मग अश्विनी हळूच म्हणाली, "आत्याबाई, तीन दिवसांमागं त्याचं तोंड लोडात गेलं होतं."

मला वाटलं, आता ह्या पोरीवर ओरडणार. त्या ओरडल्याच, पण भलतंच. "आणि तू मला सांगितलं नाय? मी काय वाघीण हाये?"

"मला वाटलं, तुम्हाला ही गादी आवडलीय."

"मला कुठली आवडतीय! रोज झटकून झटकून हात दुखले. आगं, तुझ्या आईनं एवढ्या हौसेनं धाडली. ती आली आणि तिला दिसलं की नातू साध्या गादीवर निजलाय, तर तिला वाटंल, आमच्या वस्तूला किंमत नाय दिली. म्हणून घातली!"

म्हणजे बघा. मंगलताईंनी मखमल दिली विहिणीच्या भीतीनं. विहिणीनं ती अंथरली मंगलताईंच्या मानासाठी. आणि मी ती शिवली माझ्या हौसेसाठी. तिघी शहाण्या बायका, आणि मधल्या खड्ड्यात बाळ.

मी कात्री काढली. आत्याबाईंनी माझा हात धरला, "थांबा, तिला विचारू तरी." तिथल्या तिथं फोन लावून सगळं सांगितलं. मंगलताई पलीकडून आधी घाबरल्या, मग रडल्या, मग म्हणाल्या, "उसवा, विहीणबाई. आधी उसवा. मीच सांगायला पाहिजे होतं."

आत्याबाई फोनवर म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची मखमल मी ठेवते. देवघराला पडदा करते. पण पुढच्या वेळी काय द्याल ते माझ्याशी बोलून द्या. मी चावत नाय."

मग मी माझ्याच हातचे टाके माझ्याच कात्रीनं काढले. सावरीचा कापूस काय हो, जरा फट दिसली की उडतो. सगळ्या खोलीभर. शेजारणींच्या केसात, बाळाच्या पायावर. अश्विनी त्याला घेऊन बाहेर गेली. एक शेजारीण म्हणाली, "पोपट तरी राहू द्या." मी म्हणाले, "पोपट दाराला बांधा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतील." उशी, लोड, पोपट सगळं खोलीबाहेर गेलं. आत्याबाई झाडू घेऊन आल्या आणि कोपऱ्यातला कापूस स्वतः टिपून काढला. मग पोथीखालची गादी उचलली, उन्हात झटकली, दोन्ही हातांनी दाबून बघितली आणि पहिल्यांदाच मला विचारलं, "हिच्यात काय घातलंय?"

"कापूसच आहे. ठासून."

"तरीच गुडघे शांत व्हते. आता मला दुसरी शिवून धाडा."

चादर ताणून खोचली. बाळ उताणं ठेवलं. ते थोडं कुरकुरलं. त्याला काय माहीत, पाच बायका कशासाठी त्याच्याकडं बघतायत. हात वर फेकले, दोनदा जांभई दिली आणि निजलं. छाती वर-खाली होताना लांबून दिसत होती. मखमलीत ती कधी दिसली नव्हती, असं अश्विनी म्हणाली.

ती भिंतीला टेकून परत बाळाकडं बघत बसली. सवयच लागली होती.

"तू काय बघती?" आत्याबाई म्हणाल्या. "निज."

"नको, मी बसते."

"मी बसते की. माझे डोळे गेलेत का? निज म्हणते ना."

ती चटईवर आडवी झाली. शेजारीण काहीतरी विचारत होती, त्याचं उत्तर अर्धं ओठात राहिलं. इतक्यात गेली झोपेत.

आत्याबाईंनी आम्हा सगळ्यांना हातानं बाहेर हाकललं. चहा झाला होता, पण कपबशीचा आवाज होईल म्हणून आम्ही ओट्यावर नुसत्या कपांतून प्यालो. शेजारणीनं कुंकवाच्या मखमलीवरून चेष्टा केली, तर आत्याबाईंनी पदर तोंडात कोंबून हसू दाबलं आणि परत आत जाऊन बसल्या. माझी परतीची गाडी गेली. तिच्यामागचीही गेली. मला उठवेना.

उन्हं कलल्यावर आतून अश्विनीचा घाबरा आवाज आला, "अगंबाई! किती वाजले?"

"वाजू दे," आत्याबाई म्हणाल्या. "तो निजलाय. तूबी निज."